टिकाऊ, शाश्वत की ‘निभेल असे’? कोकणातल्या जुन्या घराच्या दुरुस्तीविषयी

पागोळी :

राजापूर तालुक्यात आमचे वडिलोपार्जित घर आहे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, मातीने भरलेल्या दर्जा (चिऱ्यांमधले सांधे), किंजळीचे आणि ऐनाचे वासे, वर मंगळुरी कौले, पुढे पडवी आणि ओटी, मागे माजघर व स्वयंपाकघर, आणि तीन पायऱ्या उतरून न्हाणीघर, असा त्याचा त्या भागातला नेहमीचा नमुना आहे. गेली सात वर्षे ते बहुतांशी बंदच असते. शिमगा, मे महिना आणि गणपती मिळून आम्ही जेमतेम दीड-दोन महिने तेथे राहतो. यंदापासून दिवाळी ते मे अखेर तेथेच राहण्याचा मनोदय आईने (वय ७१) बोलून दाखवल्यामुळे दुरुस्ती आता पुढे ढकलता येणार नाही.

खर्चाचा अंदाज यावा म्हणून आम्ही विचारपूस केली, आणि चार माणसांनी चार वेगवेगळी घरे सांगितली. आमच्या परिचयातील एक तरुण वास्तुरचनाकार म्हणते की घर ‘शाश्वत’ हवे असेल तर सिमेंटला हात लावू नये, नवीन भिंतही चिऱ्याचीच आणि चुन्यात बांधावी, जमिनी पुन्हा शेणाने सारवाव्यात. गावचे मेस्त्री, ज्यांच्या वडिलांनी या घराचे सुतारकाम केले होते, ते म्हणतात की घर ‘टिकाऊ’ करायचे तर कौले उतरवून स्लॅब घाला आणि तीस वर्षे वर बघू नका. माझा धाकटा भाऊ बंगळुरूला असतो. त्याच्या मते घर ‘सस्टेनेबल’ होण्यासाठी छतावर सौर पॅनेल, बॅटरी, पावसाच्या पाण्याची टाकी आणि शक्य झाल्यास हरित मानांकन हवे. आईने सगळ्यांचे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, “मला एकटीला निभेल असं करा, म्हणजे झालं.”

तेव्हापासून माझ्या मनात हा शब्दांचा घोळ चालू आहे. इंग्रजीत ज्याला एकच शब्द आहे, त्याचे आमच्या ओटीवर चार तुकडे झाले आणि प्रत्येक तुकड्यातून वेगळे छप्पर निघाले. ‘शाश्वत’ हा शब्द तर मला मुळातच अवघड वाटतो, कारण ज्या घराची शाकारणी (कौलांची डागडुजी) दर वैशाखात करावी लागते त्याला शाश्वत म्हणताना जीभ अडखळते. रचना ठरवताना यांपैकी कोणता अर्थ प्रमाण मानावा, आणि त्या अर्थाने छप्पर, भिंती व जमीन यांचे काय करावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

ओळंबा :

मी व्यवसायाने स्ट्रक्चरल इंजिनिअर असून २२ वर्षे किनारपट्टीत काम करतो. मेस्त्रींच्या ‘तीस वर्षे’ या आकड्यापासून सुरुवात करतो, कारण तो सहज उच्चारला जातो आणि त्यामागच्या अटी कोणी सांगत नाही.

आयएस ४५६ : २००० या काँक्रीटच्या भारतीय मानक संहितेनुसार किनाऱ्यावरील खाऱ्या हवेला उघडे पडणारे प्रबलित काँक्रीट ‘तीव्र’ वर्गात मोडते. अशा ठिकाणी किमान एम ३० प्रतीचे काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटरचे आवरण अपेक्षित आहे. आपले घर खाडीपासून किती आत आहे यावर हा वर्ग थोडा सौम्य होऊ शकेल, परंतु गावच्या कामावर प्रत्यक्षात काय होते ते मी पाहत आलो आहे. काँक्रीट फावड्याने कालवले जाते, ते सहज पसरावे म्हणून त्यात जास्तीचे पाणी ओतले जाते, सळई उचलून धरण्यासाठी खाली खडीचे तुकडे सरकवले जातात आणि ओतताना त्यावर माणसे चालली की ते निसटतात. आवरण मग अर्ध्या इंचावर येते. त्यात वाळू खाडीची असली आणि नीट धुतलेली नसली तर क्षार आपणच आत भरून ठेवलेले असतात. लोखंड गंजले की त्याचे आकारमान कित्येक पटींनी वाढते, ते काँक्रीटला आतून फोडते, आणि बारा-पंधरा वर्षांत पोपडे निघून सळ्या दिसू लागतात. रत्नागिरी-राजापूर रस्त्याने जाताना स्लॅबच्या घरांवर लोखंडी पाइप उभारून घातलेले पत्रे मोजून पाहा. गळका स्लॅब झाकायला पत्रा घातलेला असतो, म्हणजे एका घराला दोन छपरांचा खर्च झालेला असतो, आणि तरीही लोक त्याला टिकाऊच म्हणतात.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की मातीच्या दर्जांच्या जुन्या भिंतींवर स्लॅब टेकवणे धोक्याचे आहे. स्लॅब हवा असेल तर खांब आणि तुळया आल्या, त्यांच्यासाठी पाया आला, आणि एकदा तेवढे खोदले की भिंती राहतच नाहीत. कौले उतरवण्यापुरता दिसणारा हा निर्णय वास्तविक घर पाडण्याचा आहे. मुख्य घर ९०० चौरस फुटांचे धरले तर पाच इंची स्लॅबला सुमारे साडेदहा घनमीटर काँक्रीट, म्हणजे ८० पोत्यांच्या आसपास सिमेंट लागेल. खांब, तुळया, पाया यांचे वेगळे. सिमेंटचा मूळ घटक असलेला क्लिंकर एक टन तयार होताना साधारण ८०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग इंधनाचा नसून भाजल्या जाणाऱ्या चुनखडीतूनच निघतो. भट्टी उद्या सौर विजेवर चालवली तरी तेवढा भाग सुटत नाही.

तरीही सिमेंटला हात लावूच नये हा आग्रह मला मान्य नाही. न्हाणीघर, पाण्याची टाकी, जोत्याची पट्टी येथे ते वापरावेच. फक्त स्लॅग सिमेंट (लोखंडाच्या भट्टीतील मळी मिसळलेले) मिळाले तर ते घ्यावे, कारण क्षारांपुढे ते अधिक चांगले टिकते आणि त्यात क्लिंकरही कमी असतो. मात्र त्याला पाणी मारण्यात कसूर करून चालत नाही.

सडेकर :

‘स्थानिक माल म्हणजे निर्दोष माल’ हे वास्तुरचनाकार बाईंचे गृहीतक थोडे तपासून घ्यावे, असे मला वाटते. वास्तुरचनाकार लॉरी बेकर सांगत असत की आदर्श गावातली घरे पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या सामानातून बांधलेली असावीत, हा गांधीजींचा विचार त्यांच्या मनावर कायमचा ठसला. विचार मोलाचा आहेच, परंतु त्या पाच मैलांत काय आहे हेही पाहावे लागते. आपल्याकडे त्या परिघात सडे, म्हणजे कातळाची पठारे आहेत. चिरा निघतो तो याच सड्यांच्या कातळातून, आणि चिरेखाण बंद पडल्यावर मागे राहतो तो चौकोनी खड्डा, ज्यात पावसाळ्यात गुरे पडतात आणि उन्हाळ्यात कचरा. जून ते सप्टेंबर या काळात ज्या कातळावर इंच-दोन इंच मातीत फुलांचे गालिचे पसरतात आणि ज्याच्यावर कातळशिल्पे कोरलेली आहेत, तोच हा कातळ. महाराष्ट्र आणि गोव्यातील कातळशिल्पांची निवडक स्थळे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यांपैकी देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, रुंढे तळी ही तर आपल्याच तालुक्यातली आहेत.

म्हणून नवा चिरा मागवण्यापूर्वी घरातला जुना मोजावा. जांभ्याचे एक वैशिष्ट्य फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्येच नोंदवले होते की खाणीत तो मऊ असतो, सहज कापला जातो आणि हवा लागली की कठीण होतो. याच गुणामुळे त्याला ‘वीट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून लॅटराइट हे नाव मिळाले. ऐंशी-नव्वद वर्षे भिंतीत राहिलेला चिरा तावूनसुलाखून निघालेला असतो. तो मातीत किंवा चुन्यात बसवलेला असेल तर पहारीने सैल करून अख्खा निघतो आणि दुसऱ्या भिंतीत पुन्हा बसतो. सिमेंटमध्ये बसवलेला चिरा काढू गेल्यास दर्ज शाबूत राहते आणि चिरा फुटतो. आमच्या गोठ्याच्या मागल्या भिंतीचे चिरे आजोबांच्या काळी पाडलेल्या जुन्या घरातले आहेत आणि त्यांतल्या एकावर अजूनही दिवा ठेवायच्या कोनाड्याचा अर्धा भाग दिसतो. बैलांना त्याचा काही उपयोग झाला नाही, पण चिरा वाया गेला नाही.

माझ्या मते रचना शाश्वत आहे की नाही हे चिऱ्यावरून ओळखू नये, दोन चिऱ्यांच्या मधल्या मालावरून ओळखावे.

माजघर :

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचले आणि पटलेही. परंतु त्यांत एक माणूस कोठेच दिसला नाही, तो म्हणजे या घरात रोज राबणारी बाई. माझे सासर याच पट्ट्यातले असून असेच घर मी २६ वर्षे चालवले आहे, तेव्हा थोडे सविस्तर लिहिते.

शेणाने सारवलेली जमीन पायाला सुखावते, उन्हाळ्यात गार लागते आणि छायाचित्रात फार सुरेख दिसते. ती तशी राहावी म्हणून आठ-दहा दिवसांनी गुडघ्यांवर बसून सगळे घर मागे सरकत सरकत सारवावे लागते, आणि पावसाळ्यात ते वाळता वाळत नाही. मी ते कितीतरी वर्षे केले. पण आमच्या घरचे सारवण थांबले ते माझे गुडघे दुखू लागले म्हणून नव्हे, सासऱ्यांनी शेवटची गाय विकली म्हणून. त्यानंतर दोन वर्षे मी शेजारच्या वाडीतून पाटीने शेण आणवत होते, ते सुद्धा सांगून ठेवल्याशिवाय मिळत नसे. गाय होती म्हणून शेण होते, भाताची शेती होती म्हणून पेंढा होता आणि पेंढा होता म्हणून गाय होती. त्या साखळीतली एक जमीन तेवढी उचलून तिला शाश्वत म्हणायचे, हे मला पटत नाही. पागोळी, आपल्या घरी गोठ्यात गाय आहे काय? नसल्यास सारवणाचा विचार ओटीवरच्या रांगोळीपुरता ठेवावा.

छपराचेही तसेच. शाकारणी म्हणजे वैशाखात दोन गडी वर चढवून कौले काढायची, फुटकी बदलायची, कुजलेल्या रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) पालटायच्या आणि सगळी ओळ पुन्हा बसवायची. आमच्या लहानपणी वाडीत त्यासाठी आळीपाळीने माणसे मिळत. आता गडी मिळेल तेव्हा शाकारणी होते, आणि ती झाल्यावर आठ दिवसांनी वानरांची टोळी छपरावरून एकदा धावत गेली की जुलैत माजघरात पातेली मांडावी लागतात. एका पावसाळ्यात आमच्याकडे एवढी पातेली खाली होती की आमटी कढईत करावी लागली. आपल्या मेस्त्रींना स्लॅबची ओढ का वाटते हे मला त्यामुळे नीट समजते. शाकारणीला बोलावणे येते तेव्हा छपरावर चढायला त्यांच्याजवळही माणूस नसतो.

एवढे सोसूनही मी स्लॅब घालू नका असेच सांगेन, कारण आमच्या दिराने घातला आणि एप्रिल-मेमध्ये त्याखाली दुपारी बसवत नाही. आम्ही मागील दारची पडकी बाजू काढून छप्पर जवळजवळ एक तृतीयांशाने कमी केले. राहिलेल्या भागावर वाशांना चिकटून पत्रा आणि त्याच्यावर रिपा ठोकून तीच जुनी कौले, असे करून घेतले. कौल फुटले तरी पाणी पत्र्यावरून वळचणीला जाते आणि दुरुस्ती सवडीने करता येते. जमिनीला गुळगुळीत फरशी मात्र घालू नये. आम्ही माजघरात घातली, आणि पावसाळ्यात तिला असा घाम सुटतो की सासूबाई एकदा घसरून महिनाभर अंथरुणावर होत्या. कोबा (सिमेंटची घोटलेली जमीन) करावा, तो थोडा खरखरीत ठेवावा.

आणि ज्या न्हाणीघराला तीन पायऱ्या उतरून जावे लागते, ते एकाहत्तर वर्षांच्या बाईला रात्री निभणार नाही. सगळे पैसे छपरावर घालवण्याआधी ते वर घ्यावे.

चौकट :

आधीच्या तिन्ही प्रतिसादांनंतर माझ्याकडे सांगण्यासारखे थोडेच उरले आहे. मी रचनाशास्त्र शिकवतो, म्हणून मूळ शब्दाबद्दल आणि आपल्या बंधूंच्या मानांकनाबद्दल लिहितो.

आज प्रचलित असलेली व्याख्या संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या ब्रुंटलंड आयोगाच्या १९८७ च्या अहवालातली आहे. तिचा आशय असा की पुढील पिढ्यांच्या गरजा भागण्याची क्षमता न हिरावता आजच्या गरजा भागवाव्यात. तिच्यात साहित्याचा उल्लेख नाही, तंत्राचा नाही, टिकण्याचाही नाही. शब्द आहे तो ‘गरजा’. गरज कोणाची, हा प्रश्न व्याख्येने मोकळा सोडला आणि तीन व्यवसायांनी आपापल्या सवयीप्रमाणे तो भरून काढला. अभियंत्याने आयुर्मान भरले, वास्तुरचनाकाराने साहित्य, ऊर्जातज्ज्ञाने वीज. यात कोणी लबाडी केली असे नव्हे, ज्याला जे मोजता येते ते त्याने मोजले.

मानांकनांचेही तसेच आहे. हरित इमारतींना मानांकन देणारी आयजीबीसी ही परिषद २००१ पासून आहे, ग्रिहा ही दुसरी पद्धत २००७ पासून राष्ट्रीय मानांकन म्हणून स्वीकारले गेले. यांची घडण प्रामुख्याने मोठ्या इमारतींसाठी झाली. मूळ ग्रिहा २५०० चौरस मीटरहून मोठ्या बांधकामांसाठी आहे आणि लहानांसाठी स्वग्रिहा ही वेगळी आवृत्ती काढावी लागली. वातानुकूलित कार्यालयात वर्षानुवर्षे जळणारी वीज हा खरोखरच मोठा आकडा असतो, म्हणून तेथे तिला गुण मिळणे योग्यच आहे. आपल्या घरात चार पंखे, सहा दिवे, एक फ्रिज, आणि तेही वर्षातून सात-आठ महिने. अशा घराचा निसर्गावरचा भार विजेच्या बिलात नसतो. बांधताना जो माल आणला त्यात तो जवळजवळ सगळा असतो. सौर पॅनेल सार्वजनिक विजेच्या जाळ्याशी जोडून बसवण्यास हरकत नाही, कारण घर बंद असताना वीज दुसऱ्याच्या उपयोगी पडेल. बॅटरीवर मात्र खर्च करू नये. ऐन पावसाळ्यात कुलूपबंद घरात दमट हवेत पडून राहिलेली बॅटरी हा धाकट्या भावाचा उत्साह आणि थोरल्याचा मनस्ताप ठरतो.

सडेकरांच्या दर्जेच्या मुद्द्यावरून मला लोटा आठवला. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन रचनाकार दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला जो अहवाल दिला आणि ज्यातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, त्यात त्यांनी रचनेचा उत्तम नमुना म्हणून आपला साधा लोटा निवडला. त्याबद्दल त्यांनी प्रश्नांची जी माळ लावली, तीत तो कमरेवर कसा बसतो, भरलेला आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो, यांबरोबरच मोड म्हणून त्या धातूचे मोल काय, हाही प्रश्न आहे. आपल्या घरच्या स्त्रिया भांडे घेताना हा प्रश्न नेहमीच विचारतात, तांब्यापितळेची मोड घालून नवे घेतात. घराला तोच प्रश्न विचारावा. चिऱ्याला मोड आहे, कौलाला आहे, किंजळीच्या वाशाला तर आहेच. स्लॅबला भंगारात जाणाऱ्या सळईखेरीज काही नाही, बाकी राडारोडा.

माजघर यांच्याशी मात्र एका ठिकाणी मतभेद आहे. कौलाखाली पत्रा घालताना दोहोंमध्ये हवा खेळायला वाट आणि आढ्याजवळ फट ठेवली नाही, तर पत्र्याच्या खालच्या अंगाला पाणी धरते आणि वासे वरून न भिजता खालून कुजतात. हे दिसायला सात-आठ वर्षे लागतात, म्हणून कोणी तक्रार करत नाही.

माजघर :

आपले म्हणणे बरोबर आहे. आमच्याकडे आढ्याजवळ फट ठेवली होती, ती मी लिहायची राहिले. तिच्यातून वटवाघळे येतात, म्हणून तेवढी जाळी मारावी.

पागोळी :

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद वाचून झाल्यावर गेल्या शनिवार-रविवारी आम्ही गावी जाऊन आलो आणि ओळंबा व चौकट यांचे मुद्दे मेस्त्रींपुढे ठेवले. भिंतींवर स्लॅब टेकणार नाही, हे त्यांनी फारशी खळखळ न करता मान्य केले. “ते माका म्हायत हा, पण लोकांका स्लॅबच व्हयो,” असे त्यांचे उत्तर होते. नंतर त्यांनी शिडी लावून कोयतीच्या मुठीने एकेक वासा ठोकून पाहिला. एकूण ४४ वाशांपैकी ९ पोकळ वाजले, आणि ते सगळे भिंतीबाहेर वळचणीला आलेल्या टोकाशीच, जेथे पागोळ्यांचे पाणी उडते. मधला भाग इतका कणखर आहे की खिळा वाकतो. ही नऊ टोके कापून नवीन जोड द्यायची, असे ठरले आहे.

मागची कोसळत आलेली पडवी काढून तिचे चिरे वर घेतलेल्या न्हाणीघराला वापरायचे आहेत. त्याचे छप्पर तेवढे स्लॅबचे होईल, स्लॅग सिमेंट वापरून आणि आवरण मोजून. कोबा माजघरात आणि स्वयंपाकघरात. ओटीचा एक कोपरा आईने सारवणासाठी राखून ठेवायला सांगितला आहे, कारण शेजारच्यांकडे एक गाय अजून आहे. भावाला बॅटरीबद्दल कळवले. तो रुसला आहे, परंतु पॅनेलवर त्याने समाधान मानले.

अडचण एकच उरली आहे. पाडलेल्या भिंतीचे चिरे चुन्यात बसवायचे ठरवले, पण आमच्या मेस्त्रींनी चुन्याचे काम शेवटचे केले त्याला बरीच वर्षे झाली आणि माल मळण्याचे प्रमाण सांगताना ते दोनदा थबकले. राजापूर, लांजा किंवा देवगड या बाजूला चुन्यात काम करणारा कारागीर कोणाच्या माहितीत असल्यास कृपया व्यक्तिगत निरोप पाठवावा. काम दिवाळीपूर्वी संपवायचे आहे.